राजमतीचा ड्रम आणि आप्पासोंचं मौन

ड्रम दोन प्रकारचे असतात, ही माहिती माणसाला पन्नाशी उलटल्यावर मिळू नये. विशीत मिळाली तर पचते. मी भूपाल मगदूम, पाटबंधारे खात्यातला हेडक्लार्क. मला कालवा, उपकालवा आणि पोटपाट हे प्रकार झोपेत विचारले तरी सांगता येतील. पण ड्रम म्हणजे ड्रम. गोल असतो आणि बडवला की वाजतो, एवढ्यावर माझं आजवर व्यवस्थित भागलं होतं.

झालं असं की आमच्या मंदिराच्या महिला मंडळानं यंदा क्षमावाणीच्या कार्यक्रमात भजनं म्हणायची ठरवली, आणि वाद्यंही बायकांनीच वाजवायची असं ठरवलं. पर्युषण संपलं की आम्हा जैनांची क्षमावाणी येते. वर्षभरात ज्याला ज्याला दुखावलं त्याच्या दारात जाऊन हात जोडून 'उत्तम क्षमा' म्हणायचं, असा तो दिवस. तर मंडळात पेटी, टाळ, बासरी भराभर वाटली गेली. ड्रमपाशी सगळ्या थबकल्या, तेव्हा आमची राजमती म्हणाली, मी वाजवते. ती गेले काही महिने विश्रामबागेत प्रांजल मॅडमच्या क्लासला जात होती. मी समजत होतो, शिवणाचा क्लास असेल.

लग्न झाल्यापासून तिनं स्वतःसाठी म्हणून माझ्याकडे काही मागितल्याचं मला आठवत नाही. मागितलं असेल तर मी ऐकलं नसेल, तोही प्रकार असतो. पण या वेळी तिनं सरळ सांगितलं की घरी सराव केल्याशिवाय हात बसायचा नाही, आणि चारचौघांत एकदा तरी नीट वाजवायचंय. मी म्हणालो, ड्रमचं माझ्यावर सोड. पुढचा सगळा घोटाळा या एका वाक्यानं केला.

दुकानात आम्ही दोघं गेलो. दुकानदारानं विचारलं, अकूस्टिक पाहिजे की इलेक्ट्रॉनिक? मी अशा वेळी गप्प बसत नाही. म्हणालो, दोन्हीतला चांगला दाखवा. मग त्यानं समजावून सांगितलं. अकूस्टिक म्हणजे ज्याला आजवर आपण नुसतं ड्रम म्हणत होतो तो. मोठा ढोल जमिनीवर, तो पायानं वाजवायचा, बाकीचे लहानमोठे हाताशी, वर पितळी झांजा. इलेक्ट्रॉनिक म्हणजे लोखंडी सांगाड्याला लावलेल्या रबरी थाळ्या. त्या बडवल्या की आवाज वायरीतून कानावरच्या हेडफोनात जातो आणि शेजाऱ्याला काही ऐकू येत नाही. वाजणारा ड्रम आणि न वाजणारा ड्रम यांत न वाजणारा महाग का, हे मी त्याला तीन प्रकारे विचारलं. त्यानंही तीन प्रकारे सांगितलं. मी मान डोलावली आणि घरी जाऊन विचार करतो म्हणालो.

विचार करणे म्हणजे आमच्याकडे लोकांना विचारणे. लालासाहेब हा माझा ऑफिसातला मित्र. मूळ कोरेगावचा, फौजेत नोकरी करून मग आमच्या खात्यात आला. त्याचं मत ताबडतोब पडलं. "ड्रम छातीत वाजला पायजे गड्या. कानात वाजतंय त्याला मोबाईल म्हंत्यात." त्याच्या पुतण्याचा, जयराजचा, ऑर्केस्ट्रा मोडला होता आणि अकूस्टिक ड्रम गावी पडून होता. तो कधीही घेऊन जा म्हणाला. उलट आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी, अतिशय नावाचा, तो इलेक्ट्रॉनिकच्या बाजूचा निघाला. आईवडिलांनी नाव ठेवताना पुढचा विचार केला असावा, कारण तो थोडं असं काहीच करत नाही. त्यानं मला जिन्यात गाठून ध्वनिप्रदूषण, भिंतींना जाणाऱ्या चिरा आणि लहान मुलांची परीक्षा या तिन्ही विषयांवर सांगितलं. परीक्षेला अजून सात महिने होते.

खरी अडचण मात्र खालच्या मजल्यावर होती. आमच्या बरोबर खाली आप्पासो राहतात. हळदीचे जुने व्यापारी, आता धंदा मुलाकडे, मुलगा पुण्याला. व्रतनियमाचे कडक. दिवस मावळल्यावर पाणीसुद्धा घेत नाहीत. सगळी गल्ली त्यांना वचकून असते आणि मी तर त्यांच्या डोक्यावरच राहतो. त्यांनी ड्रमचं ऐकलं आणि एकच प्रश्न विचारला, "कातडं न्हाई न्हवं त्याला?"

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मंदिरात चामड्याचा पट्टासुद्धा चालत नाही, तिथं चामड्याचा ढोल कसा न्यायचा? राजमती म्हणाली, आता सगळे प्लॅस्टिकचे असतात. पण बायकोच्या सांगण्याला पुरावा म्हणत नाहीत. मी दुकानदाराला फोन केला, तो म्हणाला प्लॅस्टिक. क्लासच्या मॅडमना विचारलं, त्याही म्हणाल्या प्लॅस्टिक. लालासाहेब म्हणाला, एवढी चौकशी कशाला, कातडं असलं तर आपलं कुत्रं हुंगून सांगेल.

रविवारी तो जीपमधून ड्रम घेऊन आला आणि बरोबर कुत्रंही. आप्पासोंच्या दारातच परीक्षा ठेवली. मी आदरानं चपला बाहेर काढून ड्रमशेजारी उभा राहिलो. कुत्र्यानं मोठा ढोल हुंगला, सोडून दिला. लहान ढोल हुंगले, शिंकलं. मी विजयी मुद्रेनं आप्पासोंकडे पाहिलं, तोवर कुत्रं माझी उजवी चप्पल तोंडात धरून फाटकाच्या दिशेनं निघालं होतं. ती चप्पल मला रेक्झिनची म्हणून विकलेली होती. लालासाहेब कुत्र्यामागं पळाला. आप्पासोंनी एकदा माझ्या अनवाणी पायांकडे पाहिलं आणि दार लावून घेतलं. ड्रम पास झाला होता, नापास मी झालो होतो.

ड्रम हॉलमध्ये बसवला. राजमतीनं पदर खोचला, काठ्या घेतल्या आणि वाजवला. मला संगीतातलं कळत नाही, पण कपाटातल्या काचा वाजत होत्या, शोकेसमधला पितळी हत्ती सरकत सरकत कडेला आला होता आणि ही बाई हसत होती. मी तिला इतकं मनापासून हसताना फार दिवसांनी पाहिलं. पाचव्या मिनिटाला बेल वाजली. दारात अतिशय उभा होता, आणि त्यानं पुन्हा परीक्षेचा विषय काढला.

मी सरकारी माणूस, म्हणजे परवानगी असली की मला धीर येतो. म्हणून पोलीस चौकीत गेलो. हवालदारांनी शांतपणे ऐकून घेतलं. परवानगी ध्वनिक्षेपकाला लागते, म्हणाले. तुमचा ड्रम विजेवर चालतो का? म्हटलं, नाही. मग तो ध्वनिक्षेपक नाही, परवानगी देता येत नाही. म्हटलं, विजेवर चालणारा आणला तर? तर अर्ज करा, आवाज किती होतो ते लिहा. म्हटलं, आवाज होतच नाही. हवालदारांनी पेन खाली ठेवलं. वाजतो त्याला परवानगी नाही आणि ज्याला परवानगी आहे तो वाजत नाही, असा तो तिढा होता. त्यांनी मला चहा पाजला आणि साहेब आल्यावर विचारतो म्हणाले. ते अजून विचारत असावेत.

शेवटी मी मधला मार्ग काढला. अकूस्टिक ड्रम चादरीत गुंडाळून बेडरूममध्ये ठेवला आणि सरावासाठी दुकानातून इलेक्ट्रॉनिक भाड्यानं आणला. राजमतीनं एकदा चादरीकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिलं. काही म्हणाली नाही. मी तो होकार धरला.

न वाजणाऱ्या ड्रमचा त्रास वेगळा असतो. संध्याकाळी खिडकीतून दिसायचं ते एवढंच, की मगदुमांच्या सौभाग्यवती कानाला काहीतरी लावून हवेत काठ्या मारताहेत आणि आवाज शून्य. दुसऱ्या दिवशी वरच्या काकू वाटीभर खीर घेऊन आल्या. त्या सहसा वाटी न्यायला येतात, द्यायला नाही. हळूच म्हणाल्या, मिरजेला एक चांगले डॉक्टर आहेत, अशा केसेस पूर्ण बऱ्या होतात. मी म्हटलं, ती ड्रम वाजवते. त्या म्हणाल्या, तेच ना, आवाज कुठं येतोय. दूधवाल्यानं मला घरी सगळं ठीक आहे का विचारलं. मी ठीक आहे म्हणालो, तर त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला.

अशात पर्युषण आलं. दशलक्षण, म्हणजे आमच्या पर्युषणाचे दहा दिवस, आणि बाहेरचा गणपती बरोबरच असतो. गल्लीच्या तोंडाला मंडपातले स्पीकर असे दणाणत होते की गच्चीवरची टाकी थरथरत होती. त्याबद्दल अतिशयची काही तक्रार नव्हती, कारण तो त्या मंडळाचा खजिनदार होता. आणि आप्पासोंनी मौन घेतलं. क्षमावाणीच्या सकाळपर्यंत एक शब्द बोलायचा नाही, लिहायचंसुद्धा नाही, कारण लिहिणं म्हणजे हातानं बोलणंच. खुणा तेवढ्या चालत.

दुसऱ्या दिवशी ते मला जिन्यात भेटले. त्यांनी मला थांबवलं, बोटानं आपला कान दाखवला, मान हलवली, मग पंजा उताणा करून वर उचलला. पुन्हा वर. चेहरा गंभीर. मी समजलो. आमच्या ड्रमचा आवाज होत नव्हता हे खरं, पण पायाचं पेडल फरशीवर धप्प धप्प आपटायचं आणि ते बरोबर त्यांच्या डोक्यावर. कानाला त्रास होतोय, ते वर न्या, असं ते सांगत होते. मी हात जोडून म्हणालो, आजच नेतो.

राजमती म्हणाली, "मला न्हाई वाटत ते रागावल्यात."

मी तिला समजावलं की माणसांच्या खुणा ओळखण्यातच माझी नोकरी गेली. साहेबांनी भुवई उचलली की कुठली फाईल हवी ते मला कळतं. मग मी आणि वॉचमन केरबा, दोघांनी तो सांगाडा गच्चीवर चढवला. संध्याकाळी राजमती गच्चीवर बसली, वायर जिन्यातून खाली सोडली. तिनं काठी उचलली आणि भाद्रपदातली एक सर न सांगता आली. ड्रमवर धरायला छत्री आणेपर्यंत थाळ्यांतून एक बारीक शिट्टी निघाली आणि मग काहीच निघेना. दुकानदार ड्रम परत न्यायला आला तेव्हा माझ्याशी बोलला नाही. तोही मौनात आहे की काय, असं मला क्षणभर वाटलं.

राहिला चादरीतला ड्रम. तो हॉलमध्ये काढला, पण आता मी पूर्ण काळजी घेतली. मोठ्या ढोलात दोन उशा कोंबल्या, लहानांवर गोधड्या घातल्या, झांजांना माझे जुने बनियन बांधले. खाली गादी. राजमतीनं काठी मारली की कुणीतरी शेजारच्या घरात कणीक आपटतंय असं वाटायचं. ती तरी वाजवत होती. इतक्यात दार ढकलून आप्पासो आत आले. त्यांनी ड्रमकडे पाहिलं, कपाळाला हात लावला. गोधडीकडे बोट केलं, हातानं ओढून काढल्यासारखं केलं आणि दाराबाहेर फेकल्याची खूण केली. दोनदा केली. मग कमरेवर हात ठेवून माझ्याकडे बघत उभे राहिले.

याहून स्पष्ट माणसानं काय सांगायचं? हे सगळं बाहेर काढा. व्रतात असलेल्या वडीलधाऱ्या माणसाला आपण एवढा त्रास दिला, याची मला खरंच लाज वाटली. लालासाहेब गौरी-गणपतीला गावी निघाला होता, त्याच्याच जीपमध्ये ड्रम चढवला. कार्यक्रमाच्या दिवशी आणून देतो म्हणाला. जीप गेल्यावर आप्पासो खाली फाटकापाशी आले. त्यांनी दोन्ही हात पसरले आणि भुवया वर केल्या. मला वाटलं, आता कसं शांत वाटतंय, असं म्हणताहेत. मी समाधानानं नमस्कार केला. ते बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले.

त्यानंतरच्या संध्याकाळी वाईट गेल्या. राजमती पलंगावर मांडी घालून उशीवर काठ्या मारायची. ओठ हलवत मात्रा मोजायची, मध्येच अडायची, पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची. उजव्या पायानं फरशीवर हळू ताल धरायची, तोही चवड्यानं, खाली जाऊ नये म्हणून. मी पेपर वाचत असल्याचं दाखवत होतो. एकदा ती म्हणाली, "उशी काठी परत देत न्हाई." मला ते कळलं नाही, तरी कुठंतरी लागलं. कार्यक्रमात तिचा हात चुकला तर मंडळाच्या बायका हसतील आणि ती पुन्हा काठ्या हातात घ्यायची नाही, हे मला दिसत होतं. पण करायचं काय ते सुचत नव्हतं.

क्षमावाणीच्या सकाळी मी सगळ्यात आधी आप्पासोंचं दार गाठलं. हात जोडले, 'उत्तम क्षमा' म्हणालो, आणि ड्रमचा त्रास, गच्ची, गोधड्या, सगळ्याची रीतसर माफी मागितली. चपलेचीसुद्धा मागितली. त्यांनीही हात जोडले. मग मौन सोडून पहिला शब्द बोलले.

"क्षमा हाय. पर मला सांगा, भूपालराव, बाईंचं वाजवणं कुणाच्या सांगण्यावरनं बंद केलासा?"

मी म्हणालो, तुमच्याच.

"माझ्या?" ते खुर्चीत बसले. "मी कान दावून सांगितलं, काय ऐकू येत न्हाई, आवाज वाढवा. तुमी ते गच्चीवर न्हेऊन भिजवलासा. मी सांगितलं, त्या गोधड्या काढून टाका. तुमी ड्रमच धाडून दिलासा. मग इचारलं, आवं, ड्रम कुठाय? तर तुमी मलाच नमस्कार घातलासा."

माझ्या डोक्यात सगळ्या खुणा एकदम उलट्या फिरायला लागल्या. मी कसंबसं म्हणालो, पण तुमचं मौन होतं.

"मौन मी घेतलं हुतं. घरानं न्हवं," ते म्हणाले. "आमची घरातली जाऊन दोन वर्सं झाली. तवापासनं हितं भांडं पडल्याचासुदीक आवाज न्हाई. पहिल्या दिवशी बाईंनी वाजवलं, तवा फळीवरचे तांबे वाजले. मी खाट त्या खोलीत आणून टाकली." त्यांनी हात वर करून छत दाखवलं. खाट खरोखरच आमच्या हॉलच्या बरोबर खाली होती.

मी पुन्हा एकदा 'उत्तम क्षमा' म्हणालो. ते म्हणाले, एकदा पुरते, आता जावा आणि ड्रम आणा.

लालासाहेबाला फोन लावला. तो बिनघोर होता. "ड्रम तयार हाय की. परवा मिरवणुकीत मंडळाच्या पोरांनी मागितला, न्हाई म्हणवंना. लय वाजला बघ. गुलाल लागलाय थोडा." सूर्यास्ताआधी जेवणं उरकायची म्हणून आमचे कार्यक्रम दुपारीच असतात. तो कोरेगावातून जो निघाला तो वेळेवर येऊन मंदिराच्या सभागृहासमोर थांबला. जीपमधून ड्रम उतरला तो नखशिखांत गुलाबी. पेडलमधून गुलाल, झांजांवर गुलाल, लालासाहेबाच्या मिशीतही. महिला मंडळ पांढऱ्या साड्यांत रांगेनं बसलं होतं. आतापर्यंतच्या चुका भरून काढाव्यात म्हणून मी स्वतः तो ड्रम मांडला. मोठा ढोल उजवीकडे आला, झांजा खाली गेल्या आणि बसायचं स्टूल प्रेक्षकांकडे पाठ करून लागलं. दोन स्क्रू उरले ते मी खिशात टाकले.

राजमती आली. तिनं माझ्याकडे हात पुढे केला. मी स्क्रू दिले. तिनं एकेक भाग उचलून जागेवर लावायला सुरुवात केली. पांढऱ्या पदरानं ढोल पुसला, पदर गुलाबी झाला, तिनं पाहिलंसुद्धा नाही. समोर सगळी बिल्डिंग बसलेली. आप्पासो पहिल्या रांगेत. मी तिथंच अवघडून उभा होतो. सकाळपासून मी जिन्यातल्या प्रत्येक दारात क्षमा मागून आलो होतो. अतिशयची मागितली, काकूंची मागितली, दूधवाल्याचीसुद्धा. बायकोची क्षमा दरवर्षी धरून चालायची असते, तशी यंदाही धरली होती. तिच्या कपाळावर गुलालाचं बोट उठलेलं पाहिलं आणि मला ते काही केल्या धरून चालता येईना.

मी सगळ्यांदेखत हात जोडले. म्हणालो, "उत्तम क्षमा."

ती स्क्रू पिळत होती. "कशाबद्दल?"

पुन्हा गोंधळलो. कशाकशाबद्दल सांगायचं? पाऊस, उशा, कोरेगाव, डॉक्टर. मग जे तोंडात आलं ते बोललो. "मी सगळ्या गावाला विचारलं. तुला कुठला ड्रम पाहिजे, ते विचारायचंच राहिलं."

तिचा हात थांबला. तिनं माझ्याकडे पाहिलं, आणि रागावली आहे की नाही ते मला, भुवया ओळखणाऱ्या माणसाला, ओळखता आलं नाही.

"दुकानात पहिल्याच दिवशी मी असल्याच ड्रमवर हात ठेवला हुता," ती म्हणाली. "ह्योच पायजे म्हणून सांगितलं. दोनदा सांगितलं. तुमी दुकानदाराला दुसऱ्याची गॅरंटी इचारत हुतासा."

मी तसाच हात जोडून उभा. तिनं शेवटचा स्क्रू पिळला, स्टूलावर बसली आणि काठ्या हातात घेतल्या.

"क्षमा केली," ती म्हणाली. "आता सरका बाजूला, मला बायका दिसंनात."

मी बाजूला झालो.